विश्लेषण : तांड्यातून आलेला मुख्यमंत्री आणि परगावच्या मुलांची शाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत परगावच्या, परराज्यातल्या मुलाला प्रवेश देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वसंतराव नाईक यांच्या आयुष्याकडे जावे लागते. भटक्या समाजात जन्मलेल्या या नेत्याने महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा पाया घातला. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली.

विषय आजही महत्त्वाचा का?

दिवाळी झाली, धान निघाले की भंडारा जिल्ह्यात माणसांची ये-जा वाढते. इथले मजूर कामासाठी नागपूर आणि त्याही पलीकडे जातात. मध्य प्रदेश, छत्तीसगडमधली कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर इथे येतात. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मॅंगनीज खाणींच्या परिसरात तर पिढ्यान् पिढ्या परमुलखातून माणसे आली आणि राहिली. आईबापांबरोबर मुलेही येतात. त्यांच्याकडे शाळेचा दाखला नसतो, जन्माचा कागद नसतो, कधी मराठीही येत नसते. अशा मुलाचे नाव पटावर घ्यायचे की नाही, हा निर्णय मुख्याध्यापकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. तो स्थानिक स्वराज्य संस्थेवर कायद्याने टाकलेला भार आहे. ही संस्था महाराष्ट्रात आज ज्या रूपात दिसते, ते रूप वसंतरावांच्या समितीने दिले.

वसंतराव नाईक कोण होते?

१ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या गहुली या गावी त्यांचा जन्म झाला. वडील फुलसिंग नाईक. घराणे बंजारा, मूळ आडनाव राठोड. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात, तेच पुढे आडनाव झाले. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्यापूर्वी बंजारा समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत असे. इंग्रजी अमलात हा व्यापार बुडाला आणि तांडे जागोजागी थांबू लागले. वसंतरावांच्या आजोबांच्या पिढीने गहुली वसवली आणि शेती धरली.

पण तांडा थांबला म्हणून गावाने त्याला लगेच आपले म्हटले, असे झाले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मापासून संशयाचा शिक्का बसला होता. हा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे, त्यामागे हाच इतिहास आहे. गावाबाहेर तांडा, तांड्याबाहेर जग, अशा जागी वसंतरावांचे बालपण गेले.

त्यांचे शिक्षण कसे झाले?

गहुलीत तेव्हा शाळा नव्हती. शाळेसाठी आसपासच्या गावांत जावे लागे. एका गावातली शाळा संपली की दुसरे गाव, असे करत त्यांनी प्राथमिक शिक्षण पुरे केले. पुढचे शिक्षण अमरावती आणि नागपूरला झाले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि १९४० मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. त्या काळी बंजारा समाजात वकील होणे ही अपूर्व गोष्ट होती.

वकिलीच्या सुरुवातीला त्यांना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याबरोबर काम करायला मिळाले. नंतर त्यांनी पुसदला स्वतःची वकिली थाटली. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एक बंजारा, एक ब्राह्मण. या लग्नाला दोन्ही बाजूंनी विरोध झाला, तरी दोघांनी तो निभावला. परक्याला आत घेताना समाज किती कुरकुरतो, हे त्यांनी घरातच पाहिले होते.

राजकारणाची सुरुवात कुठून?

सुरुवात स्थानिक संस्थेतूनच झाली. चाळिशीच्या दशकात ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. याच काळात पुसद आणि दिग्रस येथील विद्यार्थी वसतिगृहांच्या कामाशीही ते जोडले गेले. खेड्यातला, तांड्यातला मुलगा शिकायचा तर त्याला आधी राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण हवे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून निवडून आले. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी होती. भंडारा जिल्हाही त्याच राज्यात. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात वसंतराव महसूल खात्याचे उपमंत्री झाले. मालगुजारी नुकतीच संपली होती. भंडाऱ्यातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारांचे तलाव, सरकारकडे आले होते आणि गावागावात जमिनीचे नवे हिशेब सुरू होते. या खात्यात त्यांना पूर्व विदर्भाची नाडी कळली.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. वसंतरावांकडे आधी सहकार, मग शेती खाते आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री होते. थोड्या वर्षांत राज्याची हद्द दोनदा बदलली, भंडाऱ्याचा माणूस घरात बसून तीन राज्यांचा रहिवासी झाला.

जिल्हा परिषदा कशा आल्या?

नव्या राज्यात तीन तऱ्हेचा कारभार एकत्र आला होता. पश्चिम महाराष्ट्रात एक पद्धत, निजामाच्या अमलातून आलेल्या मराठवाड्यात दुसरी आणि विदर्भात तिसरी. भंडारा, नागपूर भागात तालुक्याच्या पातळीवर जनपद सभा होत्या, जुन्या माणसांना ते नाव अजून आठवते. प्राथमिक शाळा कोणी चालवायच्या, शिक्षक कोणाचा नोकर, पैसा कोण देणार, याची उत्तरे प्रत्येक भागात वेगळी होती.

जून १९६० मध्ये सरकारने लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते वसंतराव नाईक. मार्च १९६१ मध्ये समितीचा अहवाल आला. देशपातळीवर बलवंतराय मेहता समितीने तालुका किंवा गट हा मुख्य टप्पा मानला होता. नाईक समितीने वेगळी वाट धरली. तालुक्याकडे पुरेसा पैसा आणि तज्ज्ञ माणसे नसतात, म्हणून खरी ताकद जिल्ह्याला द्यावी, असे तिचे म्हणणे होते. जिल्हाधिकाऱ्याला या रचनेच्या बाहेर ठेवले आणि परिषदेसाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. आमदार-खासदारांनाही परिषदेत जागा ठेवली नाही. स्थानिक कारभार स्थानिक प्रतिनिधींनी करावा, हा हेतू.

यातून १९६१ चा महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. शेती, आरोग्य, रस्ते यांच्याबरोबर प्राथमिक शिक्षणही त्यांच्याकडे आले. शिक्षण समिती आणि समाजकल्याण समिती परिषदेच्या रचनेचा भाग झाल्या. खेड्यातल्या लोकांच्या तोंडी जि. प. शाळा हा शब्द इथून रुळला.

स्थलांतरित कुटुंबांशी याचा काय संबंध?

संबंध दुहेरी आहे. एकीकडे शाळा गावातल्या बड्या माणसाच्या मर्जीतून सुटली. जागा कोणी दिली, इमारत कोणी बांधली, याला महत्त्व उरले नाही. शिक्षक परिषदेचा नोकर झाला आणि शाळा सार्वजनिक झाली. तांड्यावरचा, वाडीवरचा, टोलीवरचा मुलगाही आता हक्काने शाळा मागू शकत होता. परिषदेच्या शाळा पुढे तांड्यांवर आणि पाड्यांवर पोचल्या, त्या याच रचनेतून.

दुसरीकडे एक उणीव याच रचनेत राहिली. जिल्हा परिषद मतदारांवर चालते. सहा महिने वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबाचे मत असते आपल्या गावी. त्याच्या मुलाला शाळेत घेतले काय किंवा न घेतले काय, स्थानिक सदस्याला त्याचा नफा-तोटा नाही. निर्वासिताला तर मतच नाही. जो मत देत नाही त्याच्यासाठी स्थानिक संस्था का धावेल, या प्रश्नाचे उत्तर १९६१ च्या कायद्यात नव्हते. ते यायला पुढे जवळपास पन्नास वर्षे लागली.

भंडारा जिल्ह्यात निर्वासित कसे आले?

५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले. त्यांच्या आधीचे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे पदावर असतानाच निधन झाले होते. वसंतरावांची कारकीर्द २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक चालली. इतका काळ हे पद राज्यात दुसऱ्या कोणाला मिळालेले नाही.

याच काळात विदर्भाच्या पूर्व टोकाला दोन दूरच्या प्रदेशांतली माणसे वसली. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागे हजारो तिबेटी आले. पंतप्रधान नेहरूंनी त्यांच्या मुलांच्या शिक्षणाकडे विशेष लक्ष दिले. १९६१ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याखाली तिबेटी शाळांसाठी स्वतंत्र संस्था निघाली. मुलांनी आपली भाषा आणि धर्म राखावा आणि त्याचबरोबर भारतात जगण्यापुरते आधुनिक शिक्षणही घ्यावे, ही त्यामागची भूमिका होती. कुटुंबांना वसवायचे तर जमीन लागणार, आणि जमीन राज्यांच्या हातात. त्यासाठी केंद्राने राज्यांकडे मागणी केली. कर्नाटकाने, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्याने मोठा वाटा उचलला. महाराष्ट्रात ही जागा निघाली भंडारा जिल्ह्यात.

१९७२ मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत स्थापन झाली. जवळच गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण, पलीकडे नवेगावबांधचे जंगल आणि प्रतापगडचा डोंगर. या प्रतापगडावर महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या दर्ग्यावर उरूसही होतो. थंड पठारावरची माणसे इथल्या उन्हात आली आणि भातशेती शिकली. हिवाळ्यात स्वेटर विकायला ती शहरोशहरी जातात. विदर्भातल्या गावोगावच्या लोकांना तिबेटी माणूस प्रथम भेटतो तो स्वेटरच्या दुकानातच. वसाहतीतल्या मुलांना केंद्राच्या तिबेटी शाळा संस्थेचा आधार मिळाला.

त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी नावे असलेली गावे आहेत. ही पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची. फाळणीनंतर तिकडून उठलेल्या माणसांना देशात अनेक ठिकाणी वसवण्यात आले, त्यात भंडारा आणि चंद्रपूर हे तेव्हाचे जिल्हे होते. त्यांची मुले मराठी शाळेत बसली, घरी मात्र बंगालीच राहिली. भाषेचा प्रश्न या वसाहतींमध्ये पुढेही राहिला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ही सारी गावे गोंदियात गेली. तरी नोर्ग्येलिंगच्या नावापुढे भंडारा लावण्याची सवय अजून मोडलेली नाही.

निर्वासितांना वसवण्याचे हे निर्णय केंद्र, राज्य आणि जिल्हा प्रशासन यांच्या साखळीतून झाले, एकट्या मुख्यमंत्र्याच्या इच्छेवर नव्हे. पण जमीन राज्याची होती, आणि स्वतःच्या भूमिहीनांचा प्रश्न समोर असताना परक्यांना जागा देणे सोपे नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे.

दुष्काळात काय झाले?

वसाहत उभी राहिली ते १९७२ साल महाराष्ट्राला दुष्काळाचे साल म्हणून आठवते. पाऊस सलग कमी पडला होता. फटका मुख्यतः मध्य महाराष्ट्राला आणि मराठवाड्याला बसला, पण गाव सोडून निघालेल्या माणसांचे लोंढे साऱ्या राज्याने पाहिले. सरकारने जागोजागी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच रोजगार हमीची कल्पना मांडली होती आणि सांगली जिल्ह्यात तिचा प्रयोगही झाला होता. वसंतरावांच्या सरकारने ती राज्यासाठी उचलली. मागेल त्याला जवळच काम दिले तर माणूस गाव सोडणार नाही, हा तिचा साधा हिशेब. माणूस गावात राहिला की मूलही शाळेत राहते. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ च्या देशव्यापी ग्रामीण रोजगार कायद्यासाठी महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता.

शेतीतही त्यांनी मोठे काम केले. राज्यातली चारही कृषी विद्यापीठे त्यांच्या कारकिर्दीत स्थापन झाली. संकरित बियाण्यांचा त्यांनी हिरिरीने प्रचार केला. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो, तो याचसाठी.

त्यांच्यावर टीका कोणती?

स्थलांतरितांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्या कारकिर्दीवर एक डाग दाखवला जातो. १९६६ मध्ये मुंबईत शिवसेना स्थापन झाली. नोकऱ्यांत मराठी माणसाला प्राधान्य मिळावे, या मागणीसाठी सुरुवातीला तिचा रोख दक्षिण भारतीयांवर होता. या आंदोलनाकडे मुख्यमंत्र्यांनी सौम्य नजरेने पाहिले, कम्युनिस्ट कामगार संघटनांना शह देण्यासाठी तिचा उपयोग करून घेतला, असा आरोप विरोधकांनी केला. शिवसेनेला वसंतसेना हे टोपणनाव पडले ते तेव्हाच. स्वतः भटक्या समाजातून आलेला नेता परप्रांतीय कामगाराला पुरेसे संरक्षण देऊ शकला नाही, ही टीका आजही अभ्यासक करतात.

दुसऱ्या बाजूने असेही दिसते, की १९७१ चा झोपडपट्टी सुधारणा कायदा त्यांच्याच काळात आला. शहरात आलेल्या गरिबाच्या वस्तीला पाणी, संडास, दिवे द्यावेत, हे या कायद्याने मानले. त्यात वस्ती हटवण्याचीही तरतूद होती. त्यांच्या कारभारात सामावून घेणे आणि तडजोड करणे या दोन्ही गोष्टी सोबत चालल्या. तिबेटी निर्वासिताला जंगलाजवळ जागा मिळाली, त्याच वर्षांत मुंबईत दाक्षिणात्य खानावळवाला धास्तावलेला होता. एका कारकिर्दीचे हे दोन्ही चेहरे खरे आहेत.

शेवट कसा झाला?

१९७५ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले, शंकरराव चव्हाण त्यांच्या जागी आले. १९७७ मध्ये विदर्भातल्या वाशीम मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले.

आज कायदा काय सांगतो?

१९६१ च्या कायद्यात राहिलेली उणीव २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने भरून काढली. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्वतंत्र कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ग्रामीण भागात ही जबाबदारी जिल्हा परिषद आणि तिच्या यंत्रणेवर येते, शहरात नगरपालिकेवर. कुटुंबाचे मत कुठे आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

पालकांना आणि शिक्षकांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी :

- ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला हा हक्क आहे. कायद्यात मूल असा शब्द आहे, नागरिक असा नाही.
- वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
- आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला तरी प्रवेश थांबवता येत नाही. दाखला द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.
- सत्र सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही घ्यावे लागते.
- कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयानुसार वर्गात बसवायचे आणि मागे पडलेला अभ्यास खास शिकवणीतून भरून काढायचा.

महाराष्ट्रात बाहेरगावी जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत हे कार्ड दाखवले की प्रवेश सोपा व्हावा, अशी कल्पना. आईबाप कामाला गेले तरी मूल गावातच राहून शिकावे, यासाठी हंगामी वसतिगृहाची सोयही आहे. ही कल्पना पुसद-दिग्रसच्या जुन्या छात्रालयांपासून फार दूर नाही.

तिबेटी वसाहतींसाठी केंद्राने २०१४ मध्ये पुनर्वसन धोरण आणले. वसाहतीच्या जमिनीचा भाडेपट्टा २० वर्षांसाठी द्यावा आणि राज्याच्या कल्याणकारी योजनांचा लाभ या कुटुंबांनाही मिळावा, अशी त्याची दिशा आहे.

मग अडते कुठे?

कायदा झाला, रचना आहे, तरी वीटभट्टी गावापासून चार किलोमीटरवर असते आणि शाळा गावात. भट्टीवरच्या मुलांची नोंद कोणी करायची, हे ग्रामपंचायत आणि शाळा एकमेकांवर ढकलतात. भट्टीमालक मुलांचा आकडा सांगत नाही. छत्तीसगडी किंवा हिंदी बोलणारे मूल मराठी वर्गात गप्प बसते आणि आठ दिवसांनी येईनासे होते. पावसाच्या तोंडावर कुटुंब परत निघते, तेव्हा मुलाच्या हातात दाखला असतोच असे नाही. मग दोन्हीकडच्या पटावरून ते नाव गळते.

याला मोठ्या घोषणेची गरज नाही. हंगाम सुरू होताच भट्ट्यांवर आणि खाणींच्या वस्त्यांवर फेरी मारणे, नाव पटावर घेणे आणि जाताना कागद हातात देणे, इतके झाले तरी वर्ष वाया जात नाही. शाळेसाठी गाव बदलत फिरलेल्या एका तांड्यातल्या मुलाने मोठेपणी जिल्हा परिषदेला शाळा दिली. त्या शाळेचे दार भट्टीवरच्या मुलासाठी उघडे ठेवण्याचे काम आता भंडारा जिल्हा परिषदेचे, आणि तिच्यासारख्या राज्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषदेचे आहे.